तीन रजिस्टरांची गोष्ट

आज आपण पायथनमध्ये दोन ओळी लिहितो आणि काम होतं. खाली प्रोसेसर काय करतो, हा विचारही मनात येत नाही. ही चैन फुकट मिळालेली नाही.

१९५३ च्या अखेरीस आयबीएममधल्या जॉन बॅकसने वरिष्ठांकडे एक प्रस्ताव मांडला: गणिताच्या सूत्रांसारखं लिहिलेलं आपोआप यंत्रभाषेत उतरवणारा प्रोग्रॅम बनवू द्या. तेव्हा प्रोग्रॅमरांवरचा खर्च संगणकाच्या खर्चाला टक्कर देत होता आणि यंत्राचा पाव ते निम्मा वेळ चुका शोधण्यात जात होता.

पण असेंब्लीवाले जुनेजाणते हसत होते. त्याला कारणही होतं. तोवरच्या अशा सोयी संथच होत्या. फक्त ते खुपत नसे, कारण जुन्या यंत्रांत दशांश अंकांची आकडेमोडच सॉफ्टवेअरने करावी लागे आणि बहुतेक वेळ तीच खाई. नव्या आयबीएम ७०४ मध्ये हे काम हार्डवेअर करू लागलं. आता संथपणा लपवायला जागा उरली नाही. हाती लिहिलेल्या कोडच्या निम्म्या वेगाने चालणारा कोड मिळाला, तर फोरट्रानला कोणी विचारणार नाही, ही बॅकसची खरी भीती होती.

म्हणून या चमूने भाषेपेक्षा वेगावर जास्त घाम गाळला. ७०४ मध्ये इंडेक्स रजिस्टर फक्त तीन. लूपमध्ये ते कोणाला द्यायचे? कंपायलर आधी प्रोग्रॅमच्या वाटांवरून अंदाजाने फेऱ्या मारून बघे, कुठला भाग जास्त वेळा चालतो ते मोजे आणि त्यानुसार रजिस्टर वाटे. 'फ्रिक्वेन्सी' नावाच्या विधानाने प्रोग्रॅमरही त्याला इशारा देऊ शकत असे.

एप्रिल १९५७ मध्ये कंपायलर ग्राहकांच्या हाती पडला. त्याने कोडची इतकी हलवाहलव केलेली असे की कुठली सूचना कुठून आली, हे त्याच्या निर्मात्यांनाही शोधावं लागे.

त्याच वर्षी आयबीएममध्ये आलेल्या फ्रान्सिस ॲलन यांनी शास्त्रज्ञांना फोरट्रान शिकवलं. पुढे कंपायलरच्या ऑप्टिमायझेशनवरच्या कामासाठी २००६ चा ट्युरिंग पुरस्कार मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या.

'फ्रिक्वेन्सी' विधान पुढे भाषेतून गळालं. पण आज जीसीसी किंवा क्लँगला आधी प्रोग्रॅम चालवून मिळालेली मोजणी दिली की ते तोच प्रश्न सोडवतात: कुठली वाट जास्त तुडवली जाते?