अनात्मवाद

अनात्मवाद (पाली: अनत्ता) हा बौद्ध तत्त्वज्ञानातील मूलभूत सिद्धान्त असून उपनिषदांवर आधारलेल्या हिंदू विचारापासून बौद्ध विचार मुख्यतः येथेच वेगळा होतो. कर्म, पुनर्जन्म व मुक्ती या कल्पना दोन्ही परंपरांत आढळतात. मात्र जन्म घेणारा कोण, या प्रश्नाची उत्तरे भिन्न आहेत.

बृहदारण्यक व छांदोग्य या उपनिषदांत आत्मा अविनाशी मानला आहे. याउलट, अनत्तलक्खण सुत्तानुसार गौतम बुद्धांनी सारनाथ येथे पाच भिक्षूंना सांगितले, की रूप, वेदना, संज्ञा, संस्कार व विज्ञान हे स्कंध अनित्य असल्याने त्यांपैकी कशालाही आत्मा म्हणता येत नाही. (येथे ‘वेदना’ म्हणजे केवळ दुःख नव्हे, तर सुखदुःखादी कोणतीही संवेदना.)

आत्मा नसेल तर कर्मफळ कोणाला, हा आक्षेप जुनाच आहे. मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथात ग्रीक राजा मिलिंद (मिनँडर) तो उपस्थित करतो. भिक्षू नागसेनांचा रथाचा दृष्टान्त अधिक प्रसिद्ध असला, तरी या आक्षेपाचे नेमके उत्तर आंब्यांच्या दृष्टान्तात आहे: मालकाने लावलेले आंबे वेगळे आणि आपण नेलेले वेगळे, असे चोराने म्हटले तरी तो दोषीच ठरतो, कारण दुसरे पहिल्यांपासूनच उत्पन्न झालेले असतात.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ (१९५७) या ग्रंथात पुनर्जन्माचा अर्थ भौतिक घटकांचे पुनःसंघटन असा लावला. दारिद्र्याला पूर्वजन्मीचे कर्म कारण मानल्यास समाज व राज्यसंस्था आपल्या जबाबदारीतून सुटतात, असे सांगून त्यांनी तो समज नाकारला.