घोट्याखालचा बूट



सध्या वाशीच्या मॉलमध्ये कॉलेजची मुले ‘रेट्रो लो-टॉप’ मागताना दिसतात. म्हणजे बास्केटबॉलचे जुन्या घडणीचे, घोट्याखाली संपणारे बूट, आता नव्याने बनवलेले. माझ्या नातवालाही एक जोड हवा आहे. घ्यावा का? याचे उत्तर मला त्या बुटाच्या इतिहासात सापडले.

हा खेळ १८९१ मध्ये अमेरिकेत वायएमसीएच्या जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने शोधला. आपल्या मुंबईत नागपाडा हे त्याचे माहेरघर. तिथल्या अब्बास मुंतसीर यांना १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळाला.

कॉन्व्हर्सचा ऑल स्टार आला १९१७ मध्ये. वर कापड, खाली रबर, घोटा झाकेल इतका उंच. १९५७ मध्ये त्याचा बुटका प्रकार निघाला. शाळेत पी.टी.साठी आपण खडू लावून पांढरे करायचो, ते कॅनव्हासचे बूट याच कुळातले. पुढे १९६९ मध्ये आदिदासचा सुपरस्टार आला, बुटका पण चामड्याचा. १९७३ चा प्यूमा क्लाइड स्वेडचा. १९८५ चा नाइकी डंकही चामड्याचा.

आपण थांबायचे ते इथे. स्वेड मऊ, मखमली दिसते, म्हणून मुलांना ते कापड वाटते. पण स्वेड म्हणजे चामडेच, फक्त आतली बाजू घासून लव काढलेली. बुटाच्या जिभेमागचे चिन्ह पाहा: पसरलेल्या कातड्याचा आकार म्हणजे चामडे, विणीची जाळी म्हणजे कापड, चौकट आकाराचा हिरा म्हणजे इतर साहित्य. वरचा भाग, अस्तर आणि तळ, तिन्हींची चिन्हे वेगळी असतात, तिन्ही वाचा. चिन्ह नसेल तर दुकानदाराला स्पष्ट विचारा.

आता हिशेब. सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या जोडावर ५ टक्के जीएसटी आहे, त्यावर १८ टक्के. शिवाय या बुटांचा तळ सपाट, उशी कमी. आजचे खेळाडू सामन्यात वेगळेच बूट घालतात. म्हणजे मैदानासाठी नव्हे, कॉलेजात मिरवण्यासाठीच हा खर्च.

माझा निर्णय: कॅनव्हासचा बुटका जोड घ्यायचा, तोही जुना जोड कुणा गरजूला दिल्यावर. परिग्रहाला मर्यादा हवीच. चामड्याचा मात्र नाही, सेलमध्ये अर्ध्या किमतीत मिळाला तरी नाही. स्वस्त झाले म्हणून त्यामागची हिंसा कमी होत नाही.