मृगातील धूळ आणि अदृश्य चुंबकरेषा

मृग नक्षत्रातील बाणाच्या तीन ताऱ्यांजवळ नुसत्या डोळ्यांना एक धूसर ठिपका दिसतो. सुमारे 1,300 प्रकाशवर्षांवरील त्या तेजोमेघात आजही तारे जन्मत आहेत. स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने मेघ आकसतो व तारा होतो, असे आपण शिकवतो. मग असे सारे मेघ केव्हाच आकसून का गेले नाहीत? त्यांना थोपवून धरण्यात चुंबकीय क्षेत्राचा वाटा किती, हा जुना वाद आहे. हे अदृश्य क्षेत्र कसे हुडकले गेले, ते मी येथे सांगणार आहे.

उष्ण ताऱ्यांच्या कडेचा प्रकाश ध्रुवित असावा, असे 1946 साली चंद्रशेखर यांनी गणिताने दाखविले. त्याचा पडताळा पाहताना हिल्टनर व हॉल यांना 1949 मध्ये ध्रुवण आढळले खरे. परंतु ते ताऱ्याचे नव्हे, वाटेतील धुळीचे होते. लांबट धूलिकण चुंबकरेषांशी आडवे राहतात, ही उपपत्ती 1951 साली डेव्हिस व ग्रीनस्टाइन यांनी मांडली. दिशांच्या विखुरण्यावरून क्षेत्राचे बल काढण्याची रीत 1953 साली चंद्रशेखर व फर्मी यांनी दिली.

तथापि दाट मेघातून ताऱ्याचा प्रकाश बाहेर येत नाही. तेथे थंड धूळच शेकडो मायक्रॉन तरंगलांबीचे प्रारण सोडते आणि त्याचे ध्रुवण चुंबकरेषांशी काटकोनात असते. हे प्रारण वातावरणातील बाष्प गिळून टाकते. म्हणून दुर्बीण उंच न्यावी लागली. 1982 साली बलूनमधील निरीक्षणे प्रसिद्ध झाली. 1984 साली हिल्डब्रँड व सहकाऱ्यांनी कायपर या विमानस्थ वेधशाळेतील 91 सेंटिमीटर दुर्बिणीने, 270 मायक्रॉनवर, मृगातील मेघाचे ध्रुवण मोजले. ते जेमतेम 2 टक्के भरले! आकाश आणि दुर्बीण स्वतःच उष्ण. त्यांच्या प्रारणातून एवढासा फरक वेगळा काढणे, हेच खरे कसब होते.

कायपर 1995 साली निवृत्त झाली. पुढे प्लँक उपग्रहाने सर्व आकाशाचे ध्रुवण नोंदविले आणि सोफिया विमानाने 2022 पर्यंत हे काम केले. विरळ भागात मेघांचे धागे बहुधा चुंबकरेषांना समांतर, तर दाट भागात आडवे आढळले. अर्थात, मेघ कोणत्या दिशेने आकसावा यात चुंबकत्वाचा हात आहे. तथापि अंतिम निर्णय एकट्या त्याचा नाही. वाद मिटलेला नाही. परंतु तो आता तर्काचा न राहता मोजमापाचा झाला आहे. माझ्या मते या सत्तराहून अधिक वर्षांची खरी कमाई तीच होय.