ओझे वाहणारा दुबळा जीवाणू

पालघर, बोईसर किंवा तारापूरच्या शाळेत मुलांना आपला डावा दंड पाहायला सांगा. बहुतेकांच्या दंडावर छोटा व्रण सापडेल. तो क्षयावरील बीसीजी लशीचा. ही लस म्हणजे जिवंत, पण दुबळा केलेला जीवाणू.

फ्रान्समध्ये काल्मेत व गेराँ यांनी १९०८ पासून गायीच्या क्षयाचा जीवाणू पित्त आणि ग्लिसरीनमध्ये शिजवलेल्या बटाट्यावर वाढवला. दर तीन आठवड्यांनी नवा बटाटा, असे १३ वर्षांत सुमारे २३० वेळा केल्यावर त्याची रोगकारक शक्ती गेली. १९२१ मध्ये पॅरिसला तो प्रथम एका बालकाला पाजण्यात आला. पुढे १९३० मध्ये जर्मनीतील ल्यूबेक येथे लशीत खरा क्षयजंतू मिसळला गेला आणि सत्तरहून अधिक बालके दगावली. दोष बीसीजीचा नव्हता, प्रयोगशाळेतील हलगर्जीपणाचा होता.

जिवंत जीवाणू शरीरात काही काळ टिकतो व प्रतिकारशक्तीला सतत जागे ठेवतो. मग त्याच्यात दुसऱ्या रोगजंतूचे जनुक बसवले तर? त्या रोगाचे प्रथिन तो शरीरातच तयार करील आणि शरीर दोघांनाही ओळखायला शिकेल. १९८१ मध्ये अमेरिकन संशोधकांनी विषमज्वराच्या दुबळ्या जीवाणूवर रक्ती आवेच्या जीवाणूचे ओझे चढवले. स्वयंसेवकांवरील चाचण्यांत लशीच्या एका घाण्याने संरक्षण दिले, पुढच्यांनी दिले नाही. १९९१ मध्ये बीसीजीत एड्सच्या विषाणूची जनुके घालण्यात आली. उंदरांत प्रतिसाद मिळाला.

या वाटेवर महाराष्ट्रही आहे. बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेत बीसीजीमधून एक जनुक काढून लिस्टेरिया या जीवाणूचे एक जनुक घातले गेले. श्वेतपेशीतील ज्या कप्प्यात जीवाणू अडकतो, त्याच्या भिंतीला भोक पाडणारे प्रथिन या जनुकामुळे बनते. त्यामुळे प्रतिकारशक्तीला खबर अधिक चांगली पोचते. 'व्हीपीएम १००२' ही ती लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने पुढे नेली. येथे मात्र ओझे दुसऱ्या रोगावरील लशीचे नाही. ते क्षयावरील लसच सुधारण्यासाठी आहे.

आम्हां संशोधकांची खरी अडचण तोल साधण्याची आहे. वाहक फार दुबळा असेल तर शरीराला धडा देण्याआधीच तो नष्ट होतो. पुरेसा दुबळा नसेल तर अशक्त बालकाला अपाय करतो. म्हणूनच प्रतिकारशक्ती फार खालावलेल्यांना बीसीजी देत नाहीत. शिवाय ओझे जड झाले की जीवाणू ते टाकूनही देतो.

दंडावरचा व्रण दाखवून मुलांना विचारा: जीवाणू किती दुबळा करावा? आम्हीही अजून हेच शोधत आहोत.