एकच चॅनेल, एकच टीव्ही : दूरदर्शनवर वाढलेली पिढी ती गाणी आणि ते विनोद अजून का विसरत नाही?

दूरदर्शनचा गोल फिरत जुळणारा लोगो आणि ती सनईची धून असलेलं रील कुणी टाकलं, की खालच्या कमेंट ठरलेल्या असतात. 'काय दिवस होते ते!', 'अंगावर काटा आला', 'बालपण आठवलं'. ज्यांचा जन्म केबल आल्यानंतर झाला, त्यांना मात्र प्रश्न पडतो. एकच चॅनेल, तेही कृष्णधवल, रोज जेमतेम काही तास. मधेच 'व्यत्यय' अशी पाटी लागायची आणि अख्खं घर त्या पाटीकडे बघत बसायचं. यात एवढं आठवण्यासारखं काय होतं?

आठवणी गोड असतातच, पण त्यामागे काही ठोस कारणंही आहेत. टीव्ही, गाणी आणि विनोद या तिन्ही गोष्टींची आवड एका पिढीला एकाच खोक्यातून कशी लागली, ते सविस्तर समजून घेऊ.

टीव्ही महाराष्ट्रात कधी आला?

भारतात टीव्हीची सुरुवात झाली 15 सप्टेंबर 1959 ला, दिल्लीत, प्रायोगिक स्वरूपात. महाराष्ट्राला त्यानंतर 13 वर्षं थांबावं लागलं. 2 ऑक्टोबर 1972 रोजी वरळीचं मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झालं. पुढे सिंहगडावरच्या सहक्षेपण केंद्रामुळे पुणेकरांच्या घरात मुंबईचे कार्यक्रम दिसू लागले. सुरुवातीला टीव्ही हा आकाशवाणीचाच भाग होता. 1 एप्रिल 1976 ला दूरदर्शन वेगळं झालं.

तेव्हा टीव्ही घेणं म्हणजे मोठी गोष्ट होती. सेट महाग होता आणि वर रेडिओसारखंच टीव्हीचंही लायसन्स काढून फी भरावी लागायची. त्यामुळे चाळीत किंवा वाड्यात एखाद्याच घरी टीव्ही असायचा आणि संध्याकाळी बाकीच्या बिऱ्हाडांतली पोरं त्या घरात जमायची. टीव्ही बघणं हा तेव्हा चारचौघांत मिळून करायचा कार्यक्रम होता. विनोद झाला की 20 माणसं एकदम हसायची आणि दुसऱ्या दिवशी तेच वाक्य नळावर, शाळेत आणि ऑफिसात ऐकू यायचं.

मग बघायचे काय?

मुंबई केंद्रावर मराठी, हिंदी आणि गुजराती असे तिन्ही भाषांचे कार्यक्रम असायचे. एकच चॅनेल असल्याने जे लागेल ते बघायचं. गाण्यांची वाट बघत बसलेल्या मुलाला आधी 'आमची माती, आमची माणसं' या कार्यक्रमात पिकांवरची कीड आणि खतं यांची माहिती ऐकावी लागायची. शहरातल्या मुलांना शेतीतले शब्द कळले ते असे.

गाण्यांसाठी सगळ्यात लाडका कार्यक्रम होता 'छायागीत'. हिंदी सिनेमातली गाणी पडद्यावर बघायला मिळायची ती यातच. नाहीतर थिएटरमध्ये तिकीट काढून जायचं, नाहीतर रेडिओवर नुसतं ऐकायचं. तबस्सुम यांचा 'फूल खिले हैं गुलशन गुलशन' 1972 मध्ये सुरू झाला आणि दोन दशकं चालला. त्यातून सिनेमातले कलाकार घरात येऊन गप्पा मारतायत असं वाटायचं. मराठी भावगीतांची आवड असणाऱ्यांसाठी 'शब्दांच्या पलीकडले' होता. गाणं आधी ऐकलेलं असायचं, पण गाणारा माणूस दिसतो कसा आणि तान घेताना हात कसा फिरवतो, हे लोकांनी पहिल्यांदा पाहिलं ते इथे. पुढे सिनेमात गाजलेल्या स्मिता पाटील याच केंद्रावर मराठी बातम्या वाचायच्या.

विनोदाचं खातं कुणाकडे होतं?

इथे नाव येतं 'चिमणराव-गुंड्याभाऊ' यांचं. हे दोघं टीव्हीसाठी जन्माला आले नव्हते. चिं. वि. जोशी यांनी ते त्याच्या कितीतरी वर्षं आधी पुस्तकात आणले होते. जोशी स्वतः पाली भाषेचे अभ्यासक आणि मुक्काम बडोद्याला. मध्यमवर्गीय, भित्रा, पण स्वतःला शहाणा समजणारा चिमणराव आणि त्याचा धिप्पाड मावसभाऊ गुंड्याभाऊ ही जोडी वाचकांना पाठ होती. 1940 च्या 'लग्न पहावे करून' या सिनेमातही ती येऊन गेली होती.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनने त्यावर मालिका केली. दिलीप प्रभावळकर झाले चिमणराव आणि बाळ कर्वे झाले गुंड्याभाऊ. दोघांनाही लोक पुढे कित्येक वर्षं याच नावांनी ओळखत राहिले. म्हणजे आजोबांनी पुस्तकात वाचलेला आणि वडिलांनी ऐकलेला विनोद नातवाने टीव्हीवर पाहिला. तिन्ही पिढ्या एकाच खोलीत बसून एकाच गोष्टीवर हसल्या.

विनायक चासकर यांचा 'गजरा' हा दुसरा मोठा कार्यक्रम. वेगवेगळ्या फुलांचा गजरा असतो, तशा छोट्या छोट्या नाटुकल्या एकत्र ओवलेल्या. मराठी रंगभूमीवरचे कलाकार यात दिसायचे. ज्या गावात नाटकाचे दौरे क्वचित पोहोचायचे, पण टीव्ही दिसायचा, तिथे नाटकातली माणसं ओळखीची झाली ती यामुळे.

खरं तर गाणं, विनोद आणि टीव्ही एकत्र आणणारा माणूस मराठीत आधीच होता. पु. ल. देशपांडे. 1953 च्या 'गुळाचा गणपती' मध्ये लेखन, संगीत, दिग्दर्शन आणि मुख्य भूमिका असं सगळं त्यांचंच होतं. पुढे ते आकाशवाणीत गेले, दिल्लीत टीव्हीच्या सुरुवातीच्या कामात होते आणि पंडित नेहरूंची टीव्हीवर पहिली मुलाखत घेणारे म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं.

1982 नंतर चित्र कसं बदललं?

1982 च्या दिल्ली एशियाडच्या निमित्ताने टीव्ही रंगीत झाला आणि देशभर एकच राष्ट्रीय कार्यक्रम दिसू लागला. 1983 मध्ये इन्सॅट-1बी उपग्रह गेला आणि त्यानंतर देशभरात कमी शक्तीची प्रक्षेपण केंद्रं झपाट्याने उभी राहिली. तालुक्यातल्या घरांच्या कौलांवर अँटेना दिसू लागले. एकाने छपरावर चढून अँटेना फिरवायचा, दुसऱ्याने खालून 'आलं आलं, गेलं गेलं' ओरडायचं, हा खेळ गावोगाव सुरू झाला तो याच काळात.

1984 मध्ये दोन गोष्टी घडल्या. 'हम लोग' ने रोजच्या जगण्यावरची मालिका घराघरात नेली आणि 'ये जो है जिंदगी' ने विनोदी मालिकेची चटक लावली. ती लिहिली होती हिंदीतले व्यंगकार शरद जोशी यांनी. सतीश शाह त्यात दर भागात वेगळ्याच माणसाच्या भूमिकेत यायचे, त्यामुळे 'आज कोण बनून येणार?' हीच उत्सुकता असायची. 1988 मध्ये 'मिले सुर मेरा तुम्हारा' आलं. शास्त्रीय संगीताशी काही संबंध नसलेल्या मुलांनाही पंडित भीमसेन जोशी चेहऱ्याने माहीत झाले.

पण तेव्हाचा टीव्ही खरंच भारी होता का?

इथे थोडं थांबायला हवं. पर्याय नव्हता म्हणून लोक बघत होते, हेही तितकंच खरं आहे. कंटाळवाणे कार्यक्रम भरपूर होते. सरकारी चॅनेल असल्याने सरकारवर बोचरी टीका त्यात फारशी दिसायची नाही. शिवाय 'आमचं बालपण दूरदर्शनवर गेलं' हे वाक्य सगळ्या महाराष्ट्राचं नाही. 1984 च्या आधी मुंबई-पुण्याबाहेरच्या बहुतेक मुलांचं बालपण रेडिओवर गेलं. त्यांच्यासाठी विविध भारती आणि अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' हाच छायागीत होता. आणि दुसऱ्याच्या दारात उभं राहून टीव्ही बघणाऱ्या प्रत्येकाला आत बसायला जागा मिळायचीच असं नाही.

फरक होता तो सगळ्यांनी एकाच वेळी एकच गोष्ट बघण्यात. एखादा विनोद कुणाला सांगताना संदर्भ द्यावा लागत नव्हता. आज प्रत्येकाचं फीड वेगळं असतं. घरातल्या चौघांच्या चार मोबाईलवर चार वेगळे कॉमेडियन असतात. पर्याय वाढले, दर्जाही अनेक ठिकाणी वाढला, पण सगळ्यांना ठाऊक असलेलं असं कमी उरलं.

1992 मध्ये झी टीव्ही आणि 1999 मध्ये अल्फा मराठी आलं, तसा दूरदर्शनचा एकछत्री अंमल संपला. धागा मात्र तुटला नाही. अल्फा मराठीवर 2001 मध्ये आलेल्या 'श्रीयुत गंगाधर टिपरे' मधले आबा होते दिलीप प्रभावळकर आणि मालिका त्यांच्याच 'अनुदिनी' या पुस्तकावर बेतलेली होती. चिमणराव बघत मोठी झालेली मुलं आता आपल्या मुलांना शेजारी बसवून टिपरे बघत होती.

यातलं आज किती शिल्लक आहे?

सुरुवातीच्या काळातल्या अनेक कार्यक्रमांचं रेकॉर्डिंग आज बघायला मिळत नाही. काही कार्यक्रम थेट प्रक्षेपित व्हायचे, त्यामुळे रेकॉर्ड झालेच नाहीत. व्हिडिओ टेप महाग असायची, म्हणून तीच टेप पुसून पुन्हा वापरण्याची पद्धत त्या काळात जगभर होती. बीबीसीसारख्या संस्थेनेही 'डॉक्टर हू' या गाजलेल्या मालिकेचे साठच्या दशकातले भाग असेच घालवले आणि त्यातले 90 हून अधिक भाग अजून सापडलेले नाहीत. पण त्या हरवलेल्या भागांचा आवाज मात्र आज उपलब्ध आहे. कारण काही प्रेक्षकांनी तो घरच्या टेपरेकॉर्डरवर रेकॉर्ड करून ठेवला होता.

आपल्याकडे प्रसार भारतीने जुनं साहित्य डिजिटल करून यूट्यूबवर टाकायला सुरुवात केली आहे आणि नोव्हेंबर 2024 मध्ये गोव्यात इफ्फीच्या वेळी 'वेव्हज' हे ओटीटीही सुरू केलं. सह्याद्रीच्या चॅनेलवरही जुने कार्यक्रम सापडतात. तरी 1972 सालच्या दहा वर्षांच्या मुलाने आता साठी ओलांडली आहे. ज्या कार्यक्रमांची टेपच उरली नाही, ते फक्त या लोकांच्या डोक्यात आहेत.

त्यामुळे पुढच्या वेळी घरातलं कुणी 'आमच्या वेळी ना...' म्हणून सुरुवात करेल, तेव्हा मोबाईलचं रेकॉर्डिंग चालू करा. कार्यक्रमाचं नाव, कोण काम करायचं, कुणाच्या घरी बसून पाहिला, एवढं विचारा. आणि माळ्यावर जुन्या व्हिडिओ कॅसेट पडल्या असतील तर भंगारात देण्याआधी त्यात काय आहे ते एकदा बघून घ्या.