हवा भरून वापरायच्या घरगुती वस्तू (मुंबई उपनगरे)

हवा भरली की आकार घेणाऱ्या आणि हवा काढली की घडी होणाऱ्या वस्तू. पाहुण्यांसाठीची गादी, प्रवासातली उशी, बसायचे रबरी कडे, मुलांचा पाण्याचा टब, पोहायची ट्यूब आणि अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची एअर बेड या सगळ्या त्यांत मोडतात. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या भागांत त्या घरोघरी पोचल्या त्या जागेच्या टंचाईमुळे. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतली सदनिका पूर्वी २२५, मग २६९ आणि आता ३०० चौरस फुटांची. दोघांची हवेची गादी (१९१ × १३७ सेंमी.) एकटीच २८ चौरस फूट अडवते, म्हणजे अशा घराचा जवळजवळ दहावा हिस्सा. त्यामुळे ती चार रात्री पसरली जाते आणि उरलेले वर्ष माळ्यावर राहते. तिचे आयुष्य पंक्चरपेक्षा या माळ्यावरच्या मुक्कामात जास्त सरते.

पदार्थ. चार्ल्स गुडइयर याने १८३९ मध्ये रबराला गंधकाची प्रक्रिया देऊन ते टिकाऊ केले आणि हवा कोंडून ठेवणाऱ्या वस्तूंचा मार्ग खुला झाला. भारतात १९२० मध्ये सुरू झालेल्या कलकत्त्याच्या बेंगॉल वॉटरप्रूफ कंपनीचे ‘डकबॅक’ हे नाव रेनकोट, गरम पाण्याची पिशवी आणि हवेची उशी यांच्यासाठी घरोघरी झाले. होल्डॉल घेऊन रेल्वेने देशावर प्रवास करणाऱ्या पिढीला ही रबरी कापडाची उशी चांगली ठाऊक होती. आजच्या बहुतेक वस्तू मात्र पीव्हीसीच्या असतात. हे प्लास्टिक मुळात कडक. १९२६ मध्ये अमेरिकेतल्या बी. एफ. गुडरिच कंपनीत वॉल्डो सेमन याने त्यात मऊपणा आणणारी द्रव्ये मिसळली, तेव्हा ते वाकू लागले. ही द्रव्ये प्लास्टिकशी रासायनिक बंधाने जोडलेली नसल्याने काळाच्या ओघात बाहेर पाझरतात. नव्या गादीचा वास, जुनीचा चिकटपणा आणि घडीवर पडणाऱ्या चिरा या तिन्हींचे मूळ तिथे आहे.

निवड. खेळण्यातल्या वस्तूंचा पीव्हीसीचा पत्रा साधारण ०.२ मिमी. जाडीचा असतो, बऱ्या गादीचा त्याच्या दुपटीच्या आसपास. गादीच्या आत वरचा व खालचा पत्रा धरून ठेवणाऱ्या पट्ट्या किंवा दोरे असतात. आतली पट्टी सुटली की त्या जागी टेंगूळ येते. त्याची दुरुस्ती होत नाही, म्हणून दुकानात शक्य असेल तर गादी पूर्ण फुगवून हात फिरवून पाहावी. मखमली लव असलेला पृष्ठभाग घामट रात्री अंगाला बरा वाटतो, पण पावसाळ्यात ओल धरतो आणि त्याच्यावर ठिगळ नीट बसत नाही.

पंप बाहेरचा असलेला चांगला. आत बसवलेला पंप बिघडला की बऱ्याचदा अख्खी गादीच निकामी होते. अमेरिकेतून आलेल्या नातेवाइकांनी प्रेमाने आणलेल्या गादीचा पंप १२० व्होल्टचा असतो. नुसती पिन बदलणारा अडॅप्टर लावून तो आपल्या २३० व्होल्टवर चालवला तर पहिल्याच संध्याकाळी जळतो. सायकलचा पंपही कामाचा नाही, कारण तो थोडी हवा मोठ्या दाबाने ढकलतो आणि गादीला हवी असते पुष्कळ हवा अगदी कमी दाबाने. मोटारीच्या टायरात ३० पीएसआयच्या वर हवा असते, गादीत एकाहूनही कमी. पेट्रोल पंपावरच्या हवेच्या नळीने टब फुगवण्याचा उत्साह त्यामुळे शिवणीवर बेततो. तोंडाने फुंकण्यात दमणूक आहेच, शिवाय उच्छ्वासातली वाफ आत जाते, थंड झाल्यावर तिचे पाणी होते आणि आतून काळी बुरशी धरते. ती बाहेरून धुता येत नाही.

एक पर्याय विक्रेते सांगत नाहीत. गणपतीत किंवा लग्नसराईत आठ-दहा माणसे येणार असतील तर मंडपवाल्याकडून भाड्याने कापसाच्या गाद्या आणाव्यात. हवेची गादी एक-दोन पाहुण्यांपुरती, एक-दोन रात्रींपुरती ठीक. रोजच्या झोपेसाठी ती घेऊ नये. तान्ह्या बाळाला तर तिच्यावर मुळीच झोपवू नये. मऊ पृष्ठभागात तोंड रुतून किंवा गादी व भिंत यांच्या फटीत अडकून श्वास कोंडू शकतो. अमेरिकेतल्या ग्राहक-सुरक्षा आयोगाची सूचना पंधरा महिन्यांपर्यंतच्या बाळांना अशा गादीपासून दूर ठेवण्याची आहे.

हवेचे वागणे. रात्री भरलेली गादी पहाटे मऊ लागली की घरात पहिला शब्द निघतो तो ‘पंक्चर’. पुष्कळदा तो चुकीचा असतो. नवे पीव्हीसी पहिल्या दोन-तीन वेळा ताणते, त्यामुळे दाब उतरतो. दुसरे कारण एसी. ३२ अंशांवर भरलेली हवा २४ अंशांपर्यंत थंड झाली तर तिचा दाब सुमारे अडीच टक्क्यांनी घटतो. गादीतला जादा दाब मुळातच वातावरणाच्या दाबाच्या काही टक्के असतो, त्यामुळे एवढी घट पाठीला कळते. उलट बाजूने पाहिले तर ३० अंशांवर गच्च भरलेला टब मे महिन्याच्या गच्चीवर ५० अंशांपर्यंत तापला की आतल्या हवेचा दाब साडेसहा टक्क्यांनी वाढू पाहतो आणि शिवणी उसवतात. उन्हात ठेवायची वस्तू थोडी सैल भरावी, एसीत झोपायची गादी खोली थंड झाल्यावर भरावी.

अंथरण्यापूर्वी फरशी ओल्या फडक्याने पुसणे भाग आहे. खराट्याचा तुटलेला हीर, काचेच्या बांगडीचा तुकडा, सेफ्टी पिन हे नेहमीचे शत्रू. झोपणाऱ्याच्या पायातली जोडवीही त्यांत धरावीत. खाली चटई आणि वर जाड चादर घातली की निम्मी काळजी मिटते.

रुग्णाची गादी. या वस्तूंपैकी खरोखर अहोरात्र वापरली जाणारी ही एकटीच, आणि तिच्याविषयीच घरात सर्वांत कमी माहिती असते. पक्षाघात झालेला किंवा खुब्याचे हाड मोडलेला ज्येष्ठ माणूस राजावाडी, भगवती किंवा कूपर रुग्णालयातून घरी येतो, तेव्हा डॉक्टर ‘एअर बेड घ्या’ म्हणतात. बोली भाषेत तिला वॉटर बेडही म्हणतात, पण वॉटर बेडमध्ये पाणी असते. तो वेगळा आणि पुष्कळ जड. एअर बेडमध्ये फुग्यांच्या किंवा आडव्या नळ्यांच्या दोन मालिका असतात. पंप एक मालिका भरतो तेव्हा दुसरी सैल होते, आणि काही मिनिटांनी अदलाबदल होते. त्यामुळे माकडहाड, टाचा, खुबे यांवर एकाच जागी सतत दाब राहत नाही आणि तिथला रक्तपुरवठा चालू राहतो. तो दीर्घकाळ खुंटला की बेडसोर होतो.

गादी विकत घेण्याची घाई करू नये. उपनगरांत औषधांच्या काही दुकानांकडे, तसेच सामाजिक संस्था आणि मंडळांच्या रुग्णोपयोगी साहित्य केंद्रांमध्ये ती अनामत ठेवून नाममात्र भाड्याने मिळते. घरी आणण्यापूर्वी पंप अर्धा तास चालवून दोन्ही मालिका फुगतात का ते पाहावे, आणि नळ्यांची टोके तडकलेली नाहीत याची खात्री करावी.

ती नेहमीच्या गादीवर घालायची, फुगे वरच्या बाजूला. वर एकच पातळ, सैल चादर. त्यावर रेक्झिन, घडी घातलेली गोधडी आणि पुन्हा चादर असे थर चढवले की फुग्यांचा उपयोग संपतो. हे मात्र बहुतेक घरांत मायेपोटी होते. पंपावरची खुंटी रुग्णाच्या वजनाप्रमाणे फिरवायची असते. ती बरोबर आहे का हे पाहण्याची साधी खूण अशी : रुग्ण झोपलेला असताना माकडहाडाखाली, हवेच्या गादीच्या खालून तळहात सरकवावा. रुग्णाचे शरीर आणि हात यांच्यामध्ये इंचभर फुगलेला भाग जाणवला पाहिजे. हाड थेट हाताला लागले तर हवा कमी आहे. गादी असली तरी रुग्णाला साधारण दर दोन तासांनी कुशीवर वळवणे सुटत नाही, आणि त्वचा रोज पाहावी लागते. दाबल्यावरही न जाणारा लालसर किंवा काळसर डाग ही पहिली सूचना. वर्ण सावळा असेल तर रंगापेक्षा ती जागा गरम किंवा कडक लागते का, ते हाताने पाहावे.

बसणाऱ्या रुग्णाला मधोमध भोक असलेले रबरी कडे द्यायची रीत जुनी आहे. मूळव्याधीच्या शस्त्रक्रियेनंतर ते आजही सर्रास आणले जाते. बेडसोरच्या बाबतीत मात्र आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना असे कडे टाळायलाच सांगतात, कारण कड्याच्या कडेने दाब वाढून मधल्या भागाचा रक्तपुरवठा आणखी आवळला जातो.

पंप वीज अगदी थोडी खातो, पण ती अखंड लागते. अंधेरी, बोरिवली, घाटकोपरला अदानी आणि मुलुंडला महावितरण वीज पुरवते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई महानगरातला वीजपुरवठा एकाच सकाळी कोलमडला होता. अशा वेळी पंप थांबला की गादी हळूहळू बसते. लहान इन्व्हर्टर किंवा संगणकाचा यूपीएस असेल तर उत्तम. नसेल तर नळी पंपातून काढून घडी घालून बांधावी, म्हणजे आहे ती हवा काही काळ राहते. अदलाबदल मात्र बंद पडलेली असते, तेव्हा रुग्णाला वळवायचे अंतर कमी करावे.

टब आणि पाण्यातल्या वस्तू. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन. भारतीय मानक ८७५ नुसार घरातल्या खोलीची जमीन दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भारासाठी आखतात, आणि वावराची गच्ची १५० किलोंसाठी. पसरट टबात १५ सेंमी. पाणी भरले की गच्चीची ही मर्यादा गाठली जाते, मुले अजून उतरायचीच असतात. चाळीस वर्षांच्या, सळया गंजलेल्या सोसायटीत तर सचिवांनी नाही म्हटले तर वाद घालू नये. छोटा टब, घोट्याएवढे पाणी, तळमजल्याचे अंगण, आणि मोठे माणूस हाताच्या अंतरावर : लहान मूल बादलीभर पाण्यातही बुडू शकते.

टब रोज रिकामा करावा. डेंग्यूचा एडिस डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. त्याची अंडी काठाला चिकटून कोरडेपणातही महिनोन्‌महिने टिकतात, म्हणून टब नुसता उपडा घालणे पुरेसे नाही, काठ घासावे लागतात. महापालिकेच्या कीटकनाशक खात्याची माणसे गच्च्या तपासायला येतात ती याचसाठी.

पोहताना दंडाला लावायचे फुगे आणि ट्यूब ही खेळणी आहेत, जीवरक्षक साधने नव्हेत. आक्सा, जुहू, गोराईच्या किनाऱ्यांवर ती नेऊच नयेत. जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा वारा हलकी ट्यूब माणसासकट आत नेतो. खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे आणि मऊपणा आणणाऱ्या काही थॅलेट द्रव्यांवर त्या मानकांत मर्यादा आहे. फूटपाथवरच्या ढिगातली, उग्र वासाची ट्यूब स्वस्त का मिळते याचे एक उत्तर त्यात आहे.

पंक्चर. आधी तोंडाचे बूच तपासावे, बरीचशी गळती तिथेच असते. मग साबणाचा फेस लावून बुडबुडे शोधावेत आणि जागेवर पेनने गोल करावा. सायकलवाल्याचे सोल्यूशन रबरासाठी असते, पीव्हीसीवर ते टिकत नाही. फेविक्विक वाळल्यावर कडक होऊन दुमडताना तडकते. प्लंबरचा पाइप जोडायचा द्रव पातळ पत्र्याला सुरकुत्या पाडतो. मऊ पीव्हीसीसाठीचा चिकटद्रव आणि त्याच पदार्थाचे, कोपरे गोल कापलेले ठिगळ घ्यावे. लव असेल तर ती खरवडून काढावी, जागा स्पिरिटने पुसावी, हवा पूर्ण काढलेल्या स्थितीत ठिगळ दाबावे आणि जड वजनाखाली दिवसभर ठेवावे. शिवणीतली गळती घरी बंद होणे कठीण. तिथे पैसे आणि वेळ घालवू नये.

साठवण. सांताक्रूझच्या वेधशाळेत पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिमी.हून अधिक पाऊस नोंदला जातो, आणि माळ्यावरची हवा त्या काळात कधीच सुकत नाही. गादी सौम्य साबणाने पुसून पंख्याखाली दोन्ही बाजूंनी वाळवावी. मग आतली हवा पंपाच्या ओढणाऱ्या तोंडाने काढावी, वर हलकी टाल्कम पावडर भुरभुरावी आणि घडीऐवजी सैल वळकटी करून जुन्या सुती उशीच्या अभ्र्यात घालावी. घडी घालायचीच तर दर वेळी नव्या जागी. सीलबंद प्लास्टिक पिशवीत आतली ओल आतच राहते. वर्तमानपत्रात गुंडाळली तर छपाईची शाई उमटते. उंदरांपासून बचावासाठी ती झाकणाच्या, शक्यतो पत्र्याच्या डब्यात ठेवावी.

उपनगरी माळ्यावरचा खास धोका थर्माकोलचा. राज्य सरकारने २०१८ मध्ये थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आणली, तरी जुनी मखरे अजून कित्येक घरांत जपलेली आहेत. पीव्हीसीतून पाझरणारे द्रव्य थर्माकोलला विरघळवते. गादी मखराला टेकून वर्षभर राहिली तर दोन्ही एकमेकांत रुततात आणि श्रावणात दोन्ही एकदमच खराब झालेली सापडतात. पॉलिश केलेल्या लाकडावरही हेच द्रव्य डाग पाडते. डांबरगोळ्या थेट गादीला लागू देऊ नयेत. मार्चमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये, कोरड्या हवेत, एकदा काढून फुगवून रात्रभर ठेवली तर गळती पाहुणे यायच्या आधी कळते.

विल्हेवाट. पीव्हीसीला भंगारवाला फारसा भाव देत नाही, पुष्कळदा घेतही नाही. धड उरलेला पत्रा कापून स्कूटरवर किंवा पावसाळ्यात खिडकीच्या जाळीवर बांधता येतो. उरलेले सुक्या कचऱ्यात द्यावे. मुलुंडची कचराभूमी २०१८ मध्ये बंद झाली असून शहराचा बहुतेक भार आता कांजूर आणि देवनारवर आहे. जाळल्यास पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइडचा झोंबणारा वायू निघतो, म्हणून फाटकी गादी सोसायटीच्या होळीत टाकू नये.