षड्ज 240, गंधार 300

निवृत्त डेप्युटी कलेक्टर म्हटलं की महसुलाची दप्तरं आठवतात. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल मात्र उतारवयात तार आणि मोजपट्टी घेऊन स्वर मोजत बसले. जुन्या ग्रंथांत सप्तकाच्या 22 श्रुती, म्हणजे सूक्ष्म स्वरस्थानं, सांगितली आहेत. पण त्या नेमक्या कुठे लागतात, हे शोधणं हा देवलांचा ध्यास होता.

पोथ्यांवर न थांबता त्यांनी गवयाला विचारलं. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ गात आणि देवल त्या स्वराशी तार जुळवून तिच्या लांबीवरून कंपनसंख्या काढत. षड्ज 240 कंपनांचा धरला, तर शुद्ध गंधार 300 वर लागतो. पेटीचा गंधार मात्र 302 च्याही किंचित वर. फरक दोन-अडीच कंपनांचाच, पण तंबोऱ्याशी गळा लावणाऱ्याला तो खुपतो. ते खुपणं देवलांनी आकड्यांत पकडलं. 1910 साली 22 श्रुतींवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक पुण्यात निघालं.

साताऱ्याचे जिल्हा न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमंट्स या कामात ओढले गेले. लंडनच्या मूर आणि मूर कंपनीकडून खास श्रुती-पेटी घडवून आली. 1916 च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत श्रुतींवरून वाद पेटला. संगीतशास्त्रज्ञ भातखंड्यांना देवल-क्लेमंट्स यांची मांडणी पटली नव्हती. श्रुती-पेटी मागे पडली, आणि ते स्वाभाविकच होतं. मींडेत घसरणारा, आंदोलनात हलणारा स्वर पट्टीखाली कसा थांबणार? तरीही गवई आणि मोजणारा समोरासमोर बसले, हे फार मोठं घडलं.

इकडे मिरजेत हेच शास्त्र हातांत मुरत होतं. एकेकाळी शस्त्रं घासणाऱ्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात तंबोरे, सतारी घडवायला घेतल्या. तार जिथे छेडावी, तिथे ज्या उपस्वराचा निस्पंद, म्हणजे न हलणारा, बिंदू असेल तो उपस्वर उमटू नये, असा पदार्थविज्ञानाचा नियम. तंबोऱ्यात तो उपस्वरही ऐकू येतो! 1921 मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन यांनी हे दाखवलं आणि कारण शोधलं घोडीच्या रुंद, वक्र माथ्यात. मिरजेचा कारागीर त्याला जवारी म्हणतो. आजही तो घोडी कानसीनं हलकेच घासतो, तारेखाली सुती दोरा सरकवतो, तार छेडतो, ऐकतो आणि पुन्हा कानस उचलतो.